डॉ. वाइल्डर पेनफिल्ड आणि त्यांची बहीण: मेंदूच्या ऑपरेशननंतर बदललेला माणूस समजून घेताना

मेंदूतील गाठीचे ऑपरेशन होते, टाके सुकतात, रुग्ण चालू-बोलू लागतो. अहमदपूर परिसरातील कुटुंबे लातूर, नांदेड किंवा हैदराबादहून रुग्णाला घरी आणतात आणि काही आठवड्यांनी एक वेगळीच काळजी सुरू होते. माणूस तोच आहे, पण वागणे पूर्वीसारखे नाही. कोणी चटकन चिडतो, कोणी रडतो, कोणी नुसता बसून राहतो. जगातील एका मोठ्या मेंदू-शल्यचिकित्सकाने हाच अनुभव स्वतःच्या घरात घेतला होता.

डॉक्टरांचे घडणे

वाइल्डर पेनफिल्ड यांचा जन्म २६ जानेवारी १८९१ रोजी अमेरिकेतील स्पोकेन येथे झाला. शिक्षण प्रिन्स्टन, ऑक्सफर्ड आणि जॉन्स हॉपकिन्स येथे झाले. ऑक्सफर्डमध्ये मज्जासंस्थेचे थोर अभ्यासक चार्ल्स शेरिंग्टन हे त्यांचे गुरू होते. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, ते प्रवास करत असलेल्या जहाजावर पाणतीर आदळला आणि ते जखमी झाले. बरे होऊन त्यांनी शिक्षण पूर्ण केले आणि १९२८ मध्ये ते कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात रुजू झाले.

बहिणीचे ऑपरेशन

त्याच वर्षी त्यांची थोरली बहीण रूथ त्यांच्याकडे आली. तिला अनेक वर्षांपासून फिट येत होत्या. आता डोके असह्य दुखत होते आणि नजरही कमी होत चालली होती. तपासणीत मेंदूत गाठ असल्याचे दिसले. सख्ख्या नात्यातील माणसावर शल्यचिकित्सक सहसा स्वतः ऑपरेशन करत नाही. तरीही पेनफिल्ड यांनी डिसेंबर १९२८ मध्ये तिचे ऑपरेशन केले. गाठ उजव्या फ्रंटल लोबमध्ये, म्हणजे कपाळामागच्या भागात, पसरलेली होती. त्या भागाचा मोठा हिस्सा काढावा लागला, तरी गाठ पूर्ण निघाली नाही.

रूथ वाचली. ती घरी परतली आणि मुलाबाळांत रमली. तिचे बोलणे नीट होते, पाहुण्यांबद्दल जिव्हाळा होता. वरवर पाहणाऱ्याला काही बिघडले आहे असे वाटले नसते.

अर्धवट राहिलेला स्वयंपाक

ऑपरेशननंतर सुमारे सव्वा वर्षाने तिने भावाला जेवायला बोलावले. घरचे चार आणि हा एक पाहुणा, एवढाच बेत होता. असा स्वयंपाक तिने आयुष्यभर केला होता आणि त्या दिवशीही ती उत्साहाने सकाळपासून राबत होती. जेवणाची वेळ झाली तेव्हा सगळे सामान स्वयंपाकघरात मांडलेले होते, शेगडीवर एक-दोन पदार्थ चढले होते, पण सॅलड झाले नव्हते आणि मांस शिजवायला घेतलेही नव्हते. ती गोंधळून, थकून, रडवेली झाली होती. कोणीतरी मदतीला येताच तोच स्वयंपाक पूर्ण झाला.

रूथ स्वयंपाक विसरली नव्हती आणि आळशीही झाली नव्हती. आधी काय, नंतर काय, एक भांडे शेगडीवर असताना दुसरे काम कोणते, हे ठरवणे मात्र तिला एकटीला जमेना. हे काम मुख्यतः फ्रंटल लोब करतो. पुढे गाठ पुन्हा वाढली आणि १९३१ मध्ये रूथ वारली. पेनफिल्ड यांनी सहकारी जोसेफ इव्हान्स यांच्यासह फ्रंटल लोब काढलेल्या रुग्णांचा अभ्यास १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात या जेवणाचीही नोंद आहे.

पुढचे कार्य

१९३४ मध्ये त्यांनी मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट सुरू केली. रुग्ण जागा असताना मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह देऊन बोलण्याचे व हालचालीचे भाग ओळखायचे आणि ते जपत ऑपरेशन करायचे, ही पद्धत त्यांनी विकसित केली. आजही ती वापरली जाते. त्यांच्या संस्थेत शिकलेले डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला भारतातील पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला. पेनफिल्ड यांचे निधन ५ एप्रिल १९७६ रोजी झाले.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

- वागण्यातील बदलाला गाठीची जागा, ऑपरेशन, मेंदूची सूज आणि रेडिएशनचा थकवा कारणीभूत असू शकतो. डेक्सामेथासोनसारख्या स्टिरॉइडने आणि फिटच्या लेव्हेटिरॅसिटॅम या गोळीनेही काहींना चिडचिड होते. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.
- मोठे काम छोट्या पायऱ्यांत सांगा. आधी कणीक मळा. ती झाली की भाजी चिरा. पायऱ्या कागदावर लिहून भिंतीवर लावा.
- आळस, हट्ट, नाटक असे शब्द वापरू नका. काम हातातून काढून घेण्यापेक्षा शेजारी उभे राहा.
- पैशांचे व्यवहार आणि गाडी चालवणे डॉक्टरांना विचारूनच सुरू करू द्या.
- वागण्यातील बदल तारखेसह वहीत लिहा आणि पुढच्या तपासणीला वही सोबत न्या.

खूप झोप येणे, वाढती डोकेदुखी व उलट्या, फिट, ताप, जखमेतून पाणी येणे किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जा.

काही बदल सूज उतरल्यावर कमी होतात, काही कायम राहतात. राहिलेल्या बदलांसोबतही रुग्ण घरात बरेच काही करू शकतो. रूथचा स्वयंपाकही शेजारी एक माणूस आल्यावर पूर्ण झाला होता.