कर्मवीरांना उशिरा सापडलेली वाट

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरोघरी एकच काथ्याकूट सुरू होतो. सायन्स, कॉमर्स, आय.टी.आय. की सरळ दुकानात बसवायचे? मुलाला विचारावे तर तो गप्प. त्याच्यावर चिडण्यापूर्वी आपल्याच जिल्ह्यातील कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेल्या भाऊराव पायगोंडा पाटलांचे चरित्र पाहा.

वडील महसूल खात्यात नोकरीला. मुलाला त्यांनी कोल्हापुरास शिकायला ठेवले. पण भाऊराव मॅट्रिकही झाले नाहीत. (मास्तराला हे लिहिताना संकोच वाटतो, पण खरे आहे.) पुढे साताऱ्यास त्यांनी शिकवण्या केल्या, विम्याची एजंटी केली, ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर खपवले. आज अशा मुलाला आपण धरसोड्या म्हणू. परंतु नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या दारी बसावे लागते, आणि तेथे बसले की शाळेचे तोंड न पाहिलेली पोरे दिसतात. या फिरतीतच त्यांना आपले काम उमगले. १९१९ साली, वयाच्या ३२व्या वर्षी, कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली.

१९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवत आणि श्रम करून शिकत. खर्च भागेना तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने या मॅट्रिक न झालेल्या माणसाला डी.लिट्. पदवी दिली होती.