बॅरिस्टर बाबासाहेब आणि कराराचा कायदा

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु घटना लिहिण्याच्या तीस वर्षं आधी हा महापुरुष एक गरीब विद्यार्थी म्हणून कायद्याच्या पुस्तकात मान घालून बसला होता, हे आपल्या पोरांना फारसं ठाऊक नसतं. त्या अभ्यासातला एकच विषय मी इथे घेतो. तो म्हणजे करार. आपण कामगार माणसं, आणि नोकरी हासुद्धा एक करारच आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. १९१३ साली बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेला गेले. त्या वेळी, शिक्षण झाल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. १९१६ साली ते लंडनला आले. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं.

दिल्या शब्दाला जागून ते बडोद्याला गेले. तिथे काय झालं? एवढ्या मोठ्या विद्वानाला राहायला कुणी जागा देईना. कचेरीतले शिपाई विटाळ होईल म्हणून कागद लांबून फेकीत. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढलं. बाबासाहेब करार पाळायला तयार होते, जातीने तो पाळू दिला नाही!

पण ते खचले नाहीत. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिलं आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहून, रात्री पापडावर भूक भागवून त्यांनी अभ्यास केला आणि १९२२ साली ते बॅरिस्टर झाले.

बॅरिस्टरीच्या अभ्यासात कराराचा कायदा असतोच. त्याची मूळ तत्त्वं सोपी आहेत. एकाने देऊ करायचं, दुसऱ्याने ते मान्य करायचं. दोन्ही बाजूंनी काही मोबदला हवा, नुसत्या शब्दाला कोर्ट सहसा करार मानत नाही. धाकदपटशा करून घेतलेली सही टिकत नाही. करार मोडला तर नुकसानभरपाई द्यावी लागते. आपल्याकडचा १८७२ चा करार कायदा बहुतांशी याच इंग्रजी तत्त्वांवर बेतलेला आहे. आता या मापाने आपल्या वाडवडिलांची महारकी मोजून पाहा. संमती कुणी विचारली? मोबदला किती? सोडायची मुभा होती का? १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं, ते उगाच नव्हे.

हे ज्ञान त्यांनी कपाटात ठेवलं नाही. १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या हिशेबनिसांच्या शिक्षणसंस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत. पुढे १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले.

पण या विद्येचा खरा उपयोग आपल्याला झाला तो १९३८ साली. मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांचं बिल आणलं. त्यात काही संप बेकायदा ठरवून संपकऱ्याला शिक्षा ठेवली होती. बाबासाहेबांनी असेंब्लीत मुद्दा मांडला की संप म्हणजे फार तर नोकरीचा करार मोडणं. तो दिवाणी मामला आहे, गुन्हा नव्हे. माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध कामाला जुंपणं म्हणजे गुलामी. यामागे इतिहास आहे. इंग्लंडातसुद्धा १८७५ पर्यंत काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंग होता, मालकाला नव्हता. आपल्याकडे १८५९ चा कायदा होता. उचल घेऊन काम सोडणाऱ्याला त्याखाली कैद होऊ शकत असे. तो १९२५ मध्ये रद्द करण्यात आला. म्हणजे पुढच्या दाराने गेलेलं भूत मागच्या दाराने येत होतं! ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. बिल शेवटी पास झालं, पण मुद्दा मेला नाही. घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी घातली.

गिरणीत लागताना मीसुद्धा कागद न वाचताच सही ठोकली होती. आज आपली पोरं कंत्राटावर लागतात. कंत्राट म्हणजे करारच, पण किती जण तो वाचतात? बाबासाहेब उपाशी राहून जे शिकले, ते आपण पोटभर जेवूनही वाचणार नसू, तर जयंतीला नुसता हार घालून काय उपयोग? आपल्या विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ कायद्याच्या वाचनाला द्यावी आणि सही करण्याआधी कुणाही पोराने आपला कागद तिथे आणून सर्वांसमोर वाचावा, एवढीच माझी सर्व उपासक-उपासिकांना नम्र विनंती आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!