गणिताचे प्राध्यापक नाणी का तोलत होते?

फर्ग्युसन कॉलेजमध्ये गणित शिकवणारे एक प्राध्यापक १९४० च्या आसपास भलत्याच उद्योगाला लागले होते. दोन हजार वर्षांहून जुनं चांदीचं नाणं घ्यायचं, नाजूक तराजूत ठेवायचं, वजन टिपून घ्यायचं आणि पुढचं नाणं उचलायचं. असं एकामागून एक. तक्षशिलेला सापडलेल्या या नाण्यांवर ना राजाचं नाव, ना साल. नुसते ठोकलेले छाप. इतिहासवाले त्यांना आहत नाणी म्हणतात. त्यांचा क्रम लावायचा कसा, हा प्रश्न होता. आणि तो सोडवत होता गणिताचा माणूस!

हे प्राध्यापक म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. आज त्यांचं नाव घेतलं की बहुतेक जण म्हणतात, ते इतिहासकार ना? बरोबर आहे. पण पिकांच्या जनुकांवर काम करणाऱ्या एखाद्या संशोधकाला विचारलं, तर तो म्हणेल, ते तर आमच्या फॉर्म्युल्याचे कोसंबी. संस्कृतवाल्यांना ते भर्तृहरीच्या शतकांचे संपादक म्हणून माहीत आहेत. माणूस एकच. मग इतक्या विषयांत तो शिरला कसा? आणि त्यात टिकला किती?

गोवा ते हार्वर्ड

३१ जुलै १९०७ ला गोव्यात त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे मोठे अभ्यासक. शिकण्यासाठी ते घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे भटकले होते. पुढे हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना एका पाली ग्रंथाच्या कामासाठी बोलावलं. १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला निघाले, तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्यासोबत होता.

शाळा तिकडेच झाली आणि मग हार्वर्ड. तिथे गणितातल्या एका नामवंत प्राध्यापकांनी त्यांना फक्त गणितावर लक्ष द्यायला सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. गणिताच्या जोडीला भाषा आणि इतर विषयांचे कोर्स घेत राहिले. १९२९ मध्ये ते उत्तम गुणांनी पदवीधर झाले आणि भारतात परतले. लक्षात घ्या, त्यांच्याकडे पदवी होती ती एवढीच. पीएचडी त्यांनी कधी केलीच नाही.

आधी बनारस, मग अलिगढ. अलिगढला त्यांना बोलावलं ते आंद्रे वेइल या तरुण फ्रेंच गणितज्ञाने. या दोघांची एक गंमत गणितात प्रसिद्ध आहे. वेइलच्या सुचवण्यावरून कोसंबींनी १९३१ मध्ये एक पेपर छापला आणि त्यात बुर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला दिला. पुढे फ्रान्समधल्या गणितज्ञांच्या एका गटाने याच नावाने ग्रंथ लिहिले आणि ते जगभर गाजले. हे नाव पहिल्यांदा छापून आलं ते मात्र कोसंबींच्या पेपरात, तेही भारतात.

१९३३ मध्ये ते पुण्यात आले. फर्ग्युसनमध्ये बारा वर्षं शिकवलं. नाण्यांचा उद्योग इथलाच.

एका प्रश्नातून दुसरा

कोसंबींना संख्याशास्त्र शिकायचं होतं. त्यांचा हिशेब साधा होता: नुसती पुस्तकं वाचून ते येणार नाही, हाताशी खरे आकडे हवेत. परीक्षेतल्या मार्कांवरही त्यांनी ते वापरून पाहिलं. मग नाणी हाती लागली.

युक्ती अशी. नाणं हातोहाती फिरतं तसं झिजतं. जितकं जास्त वापरलं, तितकं हलकं होतं. एका नाण्याचं वजन फारसं काही सांगत नाही, कारण टाकसाळीतूनही सगळी नाणी अगदी सारख्या वजनाची निघत नाहीत. पण पुष्कळ नाणी तोलून सरासरी काढली की कोणता गट जास्त दिवस फिरला ते कळतं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. झीज खरंच अशी होते का, हे बघायला त्यांनी आपल्या काळातली, रोजच्या व्यवहारातली नाणीही तोलली. मगच जुन्या नाण्यांबद्दल बोलले.

क्रम लागला, पण लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला. ही नाणी पाडली कोणी? त्यासाठी इतिहास वाचायला हवा. इतिहास संस्कृत आणि पाली ग्रंथांत आहे, मग ग्रंथ नीट वाचायला हवेत. पण ग्रंथांच्या हस्तलिखितांमध्ये एकमेकांशी जुळत नाही असा मजकूर असतो, मग मूळ पाठ कोणता? या वाटेने गणिताचा प्राध्यापक भर्तृहरीपर्यंत पोहोचला. शेकडो हस्तलिखितं ताडून त्यांनी भर्तृहरीच्या काव्याची चिकित्सक आवृत्ती तयार केली. ती १९४८ मध्ये निघाली.

ही यादी बाहेरून पाहिली तर माणूस भरकटलेला वाटतो. जवळून पाहिलं तर प्रत्येक नवा विषय आधीच्या प्रश्नाने ओढून आणलेला दिसतो.

चार पानांचा पेपर

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. कोसंबींनी जनुकशास्त्रात एक छोटा पेपर लिहिला, जेमतेम चार पानांचा. गुणसूत्रावर दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत, हे कसं मोजायचं? आई-वडिलांकडून पुढच्या पिढीत जाताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. जवळची जनुकं सहसा एकत्र राहतात, लांबची जास्त वेळा सुटी होतात. किती वेळा सुटी झाली ते मोजलं की अंतराचा अंदाज येतो. अडचण अशी की दोन जनुकांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली, तर ती पुन्हा एकत्र येतात आणि मोजणी चुकते. शिवाय एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या अगदी शेजारी दुसरी होण्याची शक्यता कमी होते. कोसंबींच्या फॉर्म्युल्यात हे दोन्ही धरलेलं आहे. पिकांच्या जनुकांचे नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आजही त्यांच्या नावाचा पर्याय असतो.

त्याच सुमारास त्यांनी मांडलेली गणिताची एक पद्धत पुढे इतरांनीही स्वतंत्रपणे शोधली. प्रवाही पदार्थांच्या अभ्यासापासून कॉम्प्युटरवर चेहरे ओळखण्यापर्यंत ती वापरली गेली. १९५० च्या दशकात त्यांनी सहकाऱ्यासोबत भारतातले जन्म आणि मृत्यू वर्षाच्या कोणत्या ऋतूत वाढतात-घटतात, यावरही पेपर लिहिले. म्हणजे आरोग्याच्या प्रश्नापर्यंतही ते आकड्यांचा हात धरूनच गेले.

डेक्कन क्वीन आणि टेकडी

१९४५ मध्ये फर्ग्युसनची नोकरी सुटली आणि होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. घर पुण्यात, काम मुंबईत. त्यामुळे डेक्कन क्वीनचा प्रवास मागे लागला. पुण्यात असले की पायी भटकंती. वेताळ टेकडीवर आणि आसपासच्या माळांवर ते अश्मयुगातली दगडाची बारीक हत्यारं वेचत. म्हसोबा, वेताळ, गावाबाहेरच्या देवी यांची ठाणी बघत, तिथल्या लोकांशी बोलत. कार्ले-भाजे लेणी त्याच डोंगरात का कोरली, असा प्रश्न घेऊन ते घाटातल्या जुन्या व्यापारी वाटा शोधत गेले. देवीची ठाणी आणि या जुन्या वाटा यांचा संबंध त्यांनी जोडून दाखवला.

१९५६ मध्ये भारतीय इतिहासावरचं त्यांचं पहिलं मोठं पुस्तक आलं. राजांच्या याद्या बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, लोक नांगर वापरत होते का? धान्य कोण पिकवत होतं, आणि ते जात कोणाकडे होतं? त्यांची मार्क्सवादी मांडणी सगळ्यांना पटली नाही, आजही पटत नाही. पण हे प्रश्न टाळून प्राचीन भारताबद्दल लिहिणं त्यानंतर अवघड झालं.

जिथे गणित बिघडलं

इथपर्यंत ही यशाची गोष्ट आहे. पण पुढचा भाग गाळला तर ती खोटी होईल.

गणितात रीमानचं गृहीतक नावाचा एक प्रश्न १८५९ पासून अडून बसलाय. मूळ संख्या कशा विखुरलेल्या आहेत, याच्याशी तो जोडलेला आहे. १९५९ च्या सुमारास कोसंबींनी आपल्या लाडक्या हत्याराने, म्हणजे संभाव्यतेच्या गणिताने, त्यावर हल्ला केला. पेपर छापला तो शेतीच्या संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये. सिद्धता टिकली नाही. गणितज्ञांमध्ये त्यांच्या नावाला मोठा धक्का बसला. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा भारताला परवडेल असं ते उघडपणे म्हणत होते, त्यामुळे अणुकार्यक्रमाशी जोडलेल्या वर्तुळात ते आधीच एकटे पडत चालले होते. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही.

चूक कुठे झाली? नाण्यांच्या बाबतीत बहुधा असं असेल, हे उत्तर चालतं. तिथे यापेक्षा पक्कं काही मिळणारच नसतं. मूळ संख्यांच्या बाबतीत बहुधा चालत नाही, तिथे सिद्धताच लागते. हत्यार तेच होतं, पण या विषयाचे नियम वेगळे होते. भर्तृहरीच्या वेळी हस्तलिखितं ताडण्याची शिस्त त्यांनी मुळापासून पाळली होती. इथे, स्वतःच्याच घरच्या विषयात, ती सुटली.

तरी ते बसून राहिले नाहीत. १९६२ आणि १९६५ मध्ये त्यांची आणखी दोन महत्त्वाची पुस्तकं आली. पुण्यातल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत त्यांनी काम सुरू केलं होतं. २९ जून १९६६ ला झोपेतच ते गेले. वय होतं ५८. टपाल खात्याने २००८ मध्ये त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे आपल्यालाही शाखेबाहेरचे विषय घ्यावे लागतात. सोपा कोणता, मार्क कशात मिळतात, मित्र कशाला बसतोय, यावर बहुतेक वेळा फॉर्म भरला जातो. फॉर्म भरण्याआधी एकच गोष्ट करून बघा. तुमच्या मुख्य विषयातला, तुम्हाला खरंच छळणारा एखादा प्रश्न कागदावर लिहा आणि तो तुम्हाला कोणत्या विभागाच्या दारात नेतो ते पाहा. सायन्सवाल्याला तो कदाचित इतिहासाकडे नेईल, आर्ट्सवालीला संख्याशास्त्राकडे. आत गेल्यावर मात्र तिथल्या सरांना, मॅडमना पहिल्याच आठवड्यात विचारा: तुमच्याकडे पुरावा कशाला म्हणतात?