दादाभाई नौरोजी : देशाच्या मिळकतीचा हिशेब मांडणारा शिक्षक



आपल्या डहाणू-तलासरी भागाला निसर्गाने काय कमी दिले आहे? सागाची राने आहेत, गवताची कुरणे आहेत, समुद्र आहे, आणि चिकू तर असा की 2016 साली डहाणू-घोलवडच्या नावाने त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पूर्वी येथले इमारती लाकूड आणि गवत मुंबईला जात असे. तरीही ज्या वारली बांधवांनी ते लाकूड तोडले आणि ते गवत कापले, त्यांच्या घरी दोन वेळची चूल पेटण्याची खात्री नव्हती. मे 1945 मध्ये तलासरीजवळ झरी येथे ते शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली एकत्र आले, ते वेठबिगार आणि अपुरी मजुरी यांविरुद्धच. मुलूख श्रीमंत असून त्यातील माणूस गरीब कसा राहतो, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. हाच प्रश्न साऱ्या हिंदुस्थानाबद्दल विचारून ज्यांनी त्याचे उत्तर आकड्यांत शोधले, त्या दादाभाई नौरोजींची ओळख आज करून घेऊ.

दादाभाईंचा जन्म 4 सप्टेंबर 1825 रोजी एका गरीब पारशी कुटुंबात झाला. चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाई स्वतः शिकलेल्या नव्हत्या, पण मुलाच्या शिक्षणात त्यांनी खंड पडू दिला नाही. सुदैवाने शाळेत फी नव्हती. ती असती तर हा मुलगा शिकलाच नसता, आणि आपण लोकांच्या पैशावर शिकलो ही जाणीव त्यांना पुढे जन्मभर राहिली. एल्फिन्स्टनमध्ये त्यांची बुद्धी पाहून सर अर्स्किन पेरी यांनी त्यांना कायदा शिकण्यासाठी विलायतेला पाठवण्याचा विचार केला व निम्मा खर्च देऊ केला. मुलगा तिकडे धर्म बदलेल या भीतीने समाजातील वडीलधाऱ्यांनी ते होऊ दिले नाही. दादाभाई मग शिक्षकच झाले. गणित व पदार्थविज्ञान या विषयांचे प्रोफेसर म्हणून एल्फिन्स्टनमध्ये नेमले गेलेले ते पहिले भारतीय. 1849 पासून त्यांनी व त्यांच्या मित्रांनी मुंबईत मुलींच्या शाळा चालवल्या, आणि तेथे स्वतः विनावेतन शिकवले. (आपल्या पालक सभेत मुलींच्या शिक्षणाचा विषय निघतो तेव्हा मला हे नेहमी आठवते.)

1855 साली ते कामा कंपनीचे भागीदार होऊन इंग्लंडला गेले. पण अफू आणि दारूच्या व्यवहारातला नफा घेणे त्यांच्या मनाला पटेना, म्हणून ती भागीदारी सोडून 1859 मध्ये त्यांनी स्वतःची कापसाची पेढी काढली. येथे जरा थांबा, कारण देशादेशांतला व्यापार कसा चालतो हे दादाभाईंना या धंद्यात डोळ्यांसमोर दिसले. इंग्लंडात कापूस पिकत नाही, पण कोळसा आणि लोखंड भरपूर. आपल्याकडे काळी जमीन आणि कापूस, पण गिरण्या नुकत्याच कोठे सुरू होत होत्या. ज्याच्याजवळ जे मुबलक ते त्याने विकावे आणि जे नाही ते घ्यावे, हा व्यापाराचा साधा नियम. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळले व कित्येक पेढ्या बुडाल्या.

नियम साधा आहे. मग त्या नियमाने दोन्ही देश सुखी व्हायला हवेत. इंग्लंड झाले, हिंदुस्थान का झाला नाही? गणिताच्या शिक्षकाने सरकारचेच अहवाल पुढे घेतले. 1867-68 च्या सुमाराच्या आकड्यांवरून प्रांतोप्रांतीचे पीक, त्याचा भाव आणि इतर उत्पन्न मांडून त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानचे वार्षिक उत्पन्न सुमारे 34 कोटी पौंड धरले. लोकसंख्या 17 कोटी. म्हणजे माणशी 40 शिलिंग, त्या वेळचे 20 रुपये, तेही साऱ्या वर्षाचे! मग त्यांनी तुरुंगांचे अहवाल काढले आणि दाखवले की कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार याहून अधिक खर्च करते. मुलांनो, देशाचे दरडोई उत्पन्न हा शब्द तुम्ही पुस्तकात वाचता. आपल्या देशात ते मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न हा. व्यापारी, कारकून, शिक्षक यांची सेवा त्यांनी उत्पन्नात धरली नव्हती, त्यामुळे आकडा थोडा कमी आला असे म्हणता येईल. पण 1882 मध्ये सरकारने स्वतः हिशेब केला तेव्हा तो 27 रुपयांच्या पुढे गेला नाही.

दुसरा हिशेब आयात-निर्यातीचा. कोणी व्यापारी शंभराचा माल बाहेर पाठवतो तेव्हा शंभराहून काहीतरी अधिकच घरी यावे, कारण त्यात नफा असतो. 1835 पासून 1872 पर्यंतचे आकडे पाहता हिंदुस्थान जितके पाठवत होता त्याहून कमीच परत येत होते. मधला पैसा कोठे जात होता? इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार व पेन्शने, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, कर्जाचे व्याज, आणि रेल्वेच्या भांडवलावर हमी दिलेले पाच टक्के. आपल्या डहाणू रोडवरून जाणारी बी. बी. अँड सी. आय. रेल्वे अशाच विलायती भांडवलावर उभी राहिली. दादाभाई रेल्वेच्या विरुद्ध नव्हते. अमेरिकेतही परकीय भांडवलावर रेल्वे झाली, पण तिकडे मिळकत व मोठे पगार देशातच राहिले, आपल्याकडे ते बाहेर गेले, एवढाच फरक त्यांनी दाखवला. यालाच पुढे संपत्तीचे निःसारण असे नाव पडले. गरिबीची दुसरीही कारणे होती, दुष्काळ होते, जमीनदारी होती; सगळा भार एकाच कारणावर टाकणे मला स्वतःला थोडे जास्त वाटते. पण जमीन, कापूस, खाणी नुसत्या असून भागत नाही, त्यांचे उत्पन्न कोणाच्या हाती राहते तेही पाहावे लागते, हे त्यांच्याइतके स्पष्ट आधी कोणी मांडले नव्हते.

हे हिशेब घेऊन ते पार्लमेंटच्या दारी गेले. 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून अवघ्या पाच मतांनी ते निवडून आले. त्याआधी त्यांच्या वर्णावरून खुद्द पंतप्रधान सॉल्सबरी यांनी टोमणा मारला होता, तो उलट त्यांनाच महागात पडला. 1895 मध्ये नेमलेल्या वेल्बी कमिशनवर दादाभाई सभासद होते, आणि त्याच कमिशनपुढे त्यांनी साक्षही दिली. 1901 मध्ये त्यांचे लेखन एका जाड ग्रंथात लंडनला प्रसिद्ध झाले. काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांना 1886, 1893 आणि 1906 असे तीनदा मिळाले. शेवटच्या वेळी, एक्याऐंशीव्या वर्षी, कलकत्त्याच्या व्यासपीठावरून त्यांनी स्वराज्याची मागणी केली. जन्मभर अर्ज-विनंत्यांवर विश्वास ठेवणारा माणूस इथपर्यंत आला, तो भावनेच्या भरात नव्हे, हिशेबाने.

अखेरची वर्षे त्यांनी वर्सोव्याला काढली आणि 30 जून 1917 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

1886 च्या अधिवेशनानंतर पुढच्याच वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते बद्रुद्दिन तय्यबजी. 1874 मध्ये मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम स्थापन करणाऱ्यांपैकी ते एक होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच. कधी मुलांना घेऊन मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर अंजुमनची ती देखणी इमारत पाहा. ती ज्या रस्त्यावर उभी आहे त्याचे नाव दादाभाई नौरोजी मार्ग. त्याच रस्त्याने फ्लोरा फाउंटनच्या दिशेने चालत गेलात तर दादाभाईंचा बसलेला पुतळा दिसेल.