घर सुटलं, भाषा नाही : चित्रपुस्तकाचे जनक कोमेनियस

डीएड-बीएड केलेल्या कुणालाही कोमेनियस हे नाव नवं नाही. परीक्षेपुरतं पाठ करायचं, दोन ओळींची टीप लिहायची आणि विसरून जायचं, असं ते नाव. पण ज्यांच्या घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशा आपल्यासारख्या लोकांनी या माणसाचं आयुष्य नीट माहीत करून घ्यायला हवं.

यान आमोस कोमेनियस यांचा जन्म २८ मार्च १५९२ चा. गाव मोराविया प्रांतातलं, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातलं. घरची भाषा चेक. लहानपणीच आई-वडील आणि दोन बहिणी गेल्या आणि हा मुलगा आत्याकडे वाढला. चांगली शाळा मिळायला सोळावं वर्ष उजाडलं. ती लॅटिनची शाळा. न समजणारे शब्द घोकायचे, चुकलं की छडी खायची. या शिक्षणाचा त्यांना इतका वीट आला, की पुढचं सगळं आयुष्य त्यांनी ते बदलण्यात घालवलं.

जर्मनीत शिकून ते परतले. आपल्या छोट्या प्रॉटेस्टंट पंथाचे धर्मगुरू झाले, फुल्नेक गावात शाळा सांभाळू लागले. लग्न झालं, दोन मुलं झाली. तेवढ्यात तीस वर्षांचं युद्ध पेटलं. १६२० मध्ये प्रागजवळच्या लढाईत त्यांच्या बाजूचा पराभव झाला आणि पंथाच्या लोकांची धरपकड सुरू झाली. कोमेनियस लपत-छपत फिरत होते. १६२२ मध्ये प्लेगच्या साथीत बायको आणि दोन्ही लहानगी मुलं गेली. १६२८ मध्ये बरोबरच्या लोकांसह ते सरहद्द ओलांडून पोलंडमधल्या लेश्नो गावी गेले. मायदेशी परतणं पुन्हा कधी झालं नाही.

या लेश्नोत त्यांनी चेक भाषेत एक छोटं पुस्तक लिहिलं, आयांसाठी आणि बापांसाठी. विषय होता मुलाची पहिली सहा वर्षं. त्यांचं म्हणणं, पहिली शाळा म्हणजे आईची मांडी, आणि ती प्रत्येक घरात असते. सहा वर्षांच्या आत मुलाला बाहेरच्या शाळेत घालायची घाई करू नये. त्याऐवजी हात, पाय, नाक ओळखायला शिकवावं. झाड, पाऊस, गाय, कोंबडी दाखवावी, गोष्टी सांगाव्यात, गाणी म्हणावीत. आणि चित्रं दाखवावीत.

आपल्या मोठ्या शिक्षणग्रंथात तर त्यांनी तान्ह्यांच्या शाळेसाठी चित्रांचं पुस्तकच हवं, असं सुचवलं. त्याचे फायदेही मांडले. पाहिलेली वस्तू मनात पक्की बसते. पुस्तकात मजा असते हे मुलाला लवकर कळतं. आणि पुढे अक्षरओळख सोपी जाते. आज बालवाडीच्या पालकसभेत जे सांगतात, ते या गृहस्थांनी जवळपास चारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं.

१६३१ मध्ये त्यांचं लॅटिनचं एक पाठ्यपुस्तक निघालं आणि युरोपभर गाजलं. इंग्लंडहून बोलावणं आलं, स्वीडननं काम दिलं. पुढे १६५० मध्ये ते हंगेरीतल्या सारोश्पाटकच्या शाळेत गेले. तिथे त्यांनी लहान मुलांसाठी चित्रांचं पुस्तक तयार केलं. पण लाकडावर चित्रं कोरणारा कारागीर तिथे मिळेना. हस्तलिखित जर्मनीत न्युरेंबर्गला पाठवावं लागलं आणि छपाई रखडली.

मधल्या काळात ते लेश्नोला परतले होते. १६५६ मध्ये युद्धाच्या धामधुमीत ते गाव जळालं. घर गेलं, ग्रंथसंग्रह गेला. सगळ्यात मोठा घाव म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं खपून जमवलेला चेक भाषेचा शब्दकोश राख झाला. ज्या भाषेचा मुलूख हातचा गेला होता, तिचे शब्द तरी जपावेत म्हणून केलेलं काम एका फटक्यात संपलं. वय चौसष्ट. पुन्हा चंबूगबाळं आवरून ते ॲमस्टरडॅमला एका श्रीमंत व्यापारी कुटुंबाच्या आश्रयाला गेले.

दोनच वर्षांनी, १६५८ मध्ये, न्युरेंबर्गहून ते रखडलेलं पुस्तक बाहेर पडलं, ‘ऑर्बिस पिक्टस’. म्हणजे चित्रांतलं जग. युरोपातलं मुलांचं पहिलं सचित्र पाठ्यपुस्तक म्हणून त्याची ओळख आहे. एकूण दीडशे प्रकरणं. आभाळ, आग, पाणी, झाडं, जनावरं, माणसाचं शरीर, बेकरीवाला, शिंपी, घर, शाळा असं सगळं त्यात. चित्रातल्या वस्तूंना आकडे आणि शेजारच्या मजकुरात तेच आकडे, म्हणजे बोट ठेवलं की शब्द सापडलाच.

सुरुवातीची अक्षरओळख तर फारच गमतीची. कावळा ओरडतो त्यातून एक आवाज, कोकरू बें करतं त्यातून दुसरा, साप फुत्कारतो त्यातून तिसरा. अक्षर गिरवायच्या आधी पोर कावळा होऊन ओरडणार. प्रस्तावनेत कोमेनियस स्पष्ट सांगतात, की मूल शाळेत जायच्या आधीच, घरीच, हे पुस्तक त्याच्या हातात द्यावं. चित्रं बघत त्याला हवं तसं रमू द्यावं.

चित्राखालचा मजकूर दोन भाषांत होता, शाळेची लॅटिन आणि घरची जर्मन. चित्र एकच, शब्द दोन. पुढच्याच वर्षी लंडनला इंग्रजी आवृत्ती निघाली. जर्मन कवी गटे यांच्या लहानपणीसुद्धा, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी, हे पुस्तक मुलांच्या हातात होतं.

चटका लावणारी गोष्ट एकच. पहिल्या आवृत्तीत त्यांची स्वतःची चेक भाषा नव्हती. १५ नोव्हेंबर १६७० ला ॲमस्टरडॅममध्ये ते वारले, जवळच्या नार्डेन गावात त्यांना पुरलं. चेक मजकूर असलेली चार भाषांची आवृत्ती निघाली १६८५ मध्ये. तिथपर्यंत पोचायला त्यांचं आयुष्य पुरलं नाही.

आज चेक लोक त्यांच्या जन्मदिवशी शिक्षक दिन पाळतात. तिथल्या दोनशेच्या नोटेवर त्यांचा चेहरा आहे आणि मागच्या बाजूला एक मोठा हात, एक छोटा हात.

बेळगाव, बिदर, इंदूर, बडोदा कुठेही राहा, आपली पोरं कन्नड, हिंदी, गुजराती नाहीतर इंग्रजी शाळेत जाणार, आणि त्यात वाईट काही नाही. पण पहिली पाच-सहा वर्षं आपल्या हातात असतात. बाजारात मिळेल ते चित्रपुस्तक आणा, खाली मजकूर कुठल्याही भाषेतला असू दे. नातवाला मांडीवर घ्या, कावळ्यावर बोट ठेवा आणि मराठीतून विचारा, हा काय म्हणतो? शाळेतला शब्द पुढे शाळा शिकवेलच. घरातला शब्द मात्र आपणच द्यायचा आहे.