मरीना रास्कोवा

मरीना मिखाइलोव्हना रास्कोवा (माहेरचे आडनाव: मालिनिना, जन्म: २८ मार्च, १९१२, मॉस्को, मृत्यू: ४ जानेवारी, १९४३, सारातोव्हजवळ) या सोव्हियेत संघातील वैमानिक व नॅव्हिगेटर होत्या. दुसऱ्या महायुद्धात महिलांच्या तीन लढाऊ हवाई रेजिमेंट उभारण्याचे कार्य त्यांनी केले.

प्रारंभिक जीवन

रास्कोवांचे वडील गायक व गायनशिक्षक होते. १९१९ साली त्यांचे अपघाती निधन झाले. मरीनांनाही संगीताची आवड होती. तथापि पुढे त्या रसायनशास्त्राकडे वळल्या आणि रंगांच्या कारखान्यात काम करू लागल्या. १९२९ साली त्यांचा विवाह सेर्गेई रास्कोव्ह या अभियंत्याशी झाला व १९३० साली त्यांना कन्या झाली. हा विवाह पुढे घटस्फोटात संपला.

हवाई दलाच्या अकादमीतील प्रयोगशाळेत आरेखक म्हणून काम करीत असताना त्यांनी नॅव्हिगेशनचा, म्हणजे विमानाची दिशा व मार्ग निश्चित करण्याच्या शास्त्राचा अभ्यास केला. १९३३ साली त्या सोव्हियेत हवाई दलातील पहिल्या महिला नॅव्हिगेटर ठरल्या. पुढे त्याच अकादमीत त्यांनी अधिकाऱ्यांना हा विषय शिकविला.

रोदिना विमानाचे उड्डाण

२४ सप्टेंबर, १९३८ रोजी व्हॅलेंतिना ग्रिझोदुबोवा, पोलिना ओसिपेंको आणि रास्कोवा यांनी मॉस्कोहून अतिपूर्वेकडे विनाथांबा उड्डाण केले. दाट ढग व बिघडलेला रेडिओ यांमुळे ठरलेले विमानतळ सापडले नाही आणि इंधन संपत आले. विमान दलदलीत पोटावर उतरवावे लागणार होते. अशा वेळी काचेच्या नाकाडातील नॅव्हिगेटरची जागा सर्वाधिक धोक्याची असल्याने रास्कोवांनी पॅराशूटने उडी घेतली. आपत्कालीन सामान विमानातच राहिले. तैगा अरण्यात जवळपास अन्नाविना दहा दिवस भटकून त्या विमानापर्यंत पोहोचल्या. शोधमोहिमेतील दोन विमानांची टक्कर होऊन अनेकांचा बळी गेला. सुमारे ५,९०० कि.मी. सरळ अंतराचे हे उड्डाण महिलांचा विश्वविक्रम ठरले. २ नोव्हेंबर, १९३८ रोजी तिघींना सोव्हियेत संघाचे वीर हा किताब देण्यात आला.

महिलांच्या रेजिमेंट

जून १९४१ मध्ये जर्मनीने आक्रमण केल्यावर युद्धात उतरू इच्छिणाऱ्या तरुणींची पत्रे रास्कोवांकडे येऊ लागली. ब्रिटन व अमेरिकेत त्या काळी महिला वैमानिकांना विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोहोचविण्यासारखी कामे दिली जात. प्रत्यक्ष लढाई त्यांना वर्ज्य होती. रास्कोवांनी आपली प्रतिष्ठा वापरून वरिष्ठांकडे पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये महिलांच्या रेजिमेंट उभारण्याचा आदेश निघाला.

व्होल्गाकाठच्या एंगेल्स येथे प्रशिक्षण सुरू झाले. एरवी काही वर्षे चालणारा अभ्यासक्रम काही महिन्यांत उरकण्यात आला. त्यातून ५८६वी लढाऊ, ५८७वी बॉम्बफेकी व ५८८वी रात्रकालीन बॉम्बफेकी रेजिमेंट तयार झाली. पहिल्या दोहोंत पुढे पुरुषांचाही समावेश झाला. ५८८वी मात्र अखेरपर्यंत संपूर्णपणे महिलांची राहिली. लाकूड व कापडाच्या पो-२ विमानांतून रात्री हल्ले करणाऱ्या या वैमानिकांना जर्मन सैनिक रात्रीच्या चेटकिणी म्हणत. या रेजिमेंटने युद्धात २३,००० हून अधिक उड्डाणे केली.

मृत्यू व वारसा

रास्कोवांनी स्वतः ५८७व्या रेजिमेंटचे नेतृत्व स्वीकारले होते. ४ जानेवारी, १९४३ रोजी स्तालिनग्राद आघाडीकडे जाताना बर्फाच्या वादळात त्यांचे पे-२ विमान कोसळले व त्यातील सर्व जण ठार झाले. ज्या युद्धासाठी त्यांनी शेकडो तरुणींना तयार केले, त्यात एकही लढाऊ उड्डाण त्यांच्या वाट्याला आले नाही. शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार होऊन त्यांच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवण्यात आल्या.

त्यांच्या पश्चात ५८७वी रेजिमेंट आघाडीवर लढली. १९४३ साली तिला रास्कोवांचे नाव व गार्ड्स हा सन्मान मिळाला. ५८८व्या रेजिमेंटलाही त्याच वर्षी हा सन्मान लाभला.