मुलींच्या शाळांची माता : मेरी वॉर्ड



रोज सकाळी मिस्सा आटोपून मी ख्रिस्तमंदिराच्या पायऱ्यांवर येतो, तेव्हा आपल्या धर्मग्रामातील मुली दप्तरे सावरीत शाळेकडे जाताना दिसतात. सायंकाळी त्याच वाटेने त्या घरी परततात. यात कोणास काही नवल वाटत नाही. परंतु धर्मभगिनींनी मुलींसाठी अशी शाळा उघडावी, तिचे दार रोज सकाळ-सायंकाळ उघडे असावे आणि त्या भगिनींचा कारभार त्यांच्यातल्याच एका स्त्रीने पाहावा, एवढ्या गोष्टीसाठी चारशे वर्षांपूर्वी एका थोर स्त्रीस फार मोठी किंमत द्यावी लागली. शिक्षा देणारे परके नव्हते. ती ख्रिस्तसभेच्याच अधिकाऱ्यांकडून आली. ज्युबिलीच्या या पुस्तिकेत त्या मेरी वॉर्ड यांचे चरित्र थोडक्यात सांगावे असे योजिले आहे. आपण शिक्षिकेस बाई म्हणतो, म्हणून मीही त्यांस मेरीबाईच म्हणेन.

त्यांचा जन्म २३ जानेवारी १५८५ रोजी इंग्लंडातील यॉर्कशायर प्रांतात, रिपन गावाजवळील मलविथ येथे झाला. तो काळ तेथील कॅथोलिकांस अत्यंत बिकट होता. मिस्सा चोरून होई, धर्मगुरूंस आसरा देणारास देहान्त शासन मिळे. मेरीबाईंच्या आजीने श्रद्धेपायी चौदा वर्षे तुरुंगात काढली होती. त्या आजीच्या घरी त्यांचे बालपणीचे काही दिवस गेले. दोन मामा १६०५ सालच्या बारूदकटात सामील होऊन मारले गेले. घरातील एक वृद्ध दासी शिवणकाम करता करता जुन्या काळच्या धर्मभगिनींच्या गोष्टी सांगे. त्या ऐकून पंधराव्या वर्षीच मेरीबाईंनी व्रतस्थ होण्याचा निश्चय केला. इंग्लंडात त्या वेळी मठ म्हणून एकही उरला नव्हता. १६०६ साली त्या समुद्र ओलांडून सेंट ओमेर येथे गेल्या.

तेथे त्या संत क्लारेच्या मठात शिरल्या व मठासाठी दारोदार भिक्षा मागण्याचे काम त्यांच्या वाट्यास आले. पुढे इंग्रज स्त्रियांसाठी त्याच संघाचा निराळा मठ ग्रॅव्हलीन येथे उभारण्यास त्यांनी खटपट केली. तो उभा राहिला आणि त्यांस उमगले की आपले पाचारण येथेही नाही. १६०९ साली तो मठ सोडून त्या काही काळ लंडनला आल्या, आणि थोड्याच दिवसांत काही मैत्रिणींसह पुन्हा सेंट ओमेरला गेल्या. तेथे इंग्रज मुलींसाठी वसतिगृहासह शाळा निघाली व गावच्या मुलींसाठी विनामूल्य शाळा निघाली. १६११ साली प्रार्थनेत त्यांस स्पष्ट जाणवले की संत इग्नेशियस लोयोला यांनी येशूसंघाला जे नियम दिले, तेच नियम आपल्या स्त्रियांच्या संघानेही घ्यावेत.

येथेच सारे घोडे अडले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली व पाचवे पायस यांनी १५६६ साली असे ठरविले होते की व्रतस्थ स्त्रियांनी मठाच्या भिंतींआडच राहिले पाहिजे. भिंतींआड थोड्या श्रीमंत मुली ठेवून शिकविता येत असे. परंतु गरिबाची मुलगी घरकामास लागते; ती सकाळी यावी व सायंकाळी जावी, तिच्या आईबापांशी बोलता यावे, आजारी पडल्यास घरी जाऊन पाहता यावे, तर शाळेचे दार व भगिनींचे पाय दोन्ही मोकळे हवेत. म्हणून मेरीबाईंनी तीन गोष्टी मागितल्या : मठबंदी नको, ठरीव मठवेष नको, आणि संघाची प्रमुख स्त्रीच असून तिने स्थानिक बिशपांच्या नव्हे तर थेट पोपमहाशयांच्या आज्ञेत असावे. तिसरी मागणी ऐकून अनेक धर्मगुरूंच्या कपाळास आठ्या पडल्या. मी स्वतः धर्मगुरू असल्याने त्या आठ्या कशा पडल्या असतील हे मला कल्पनेने दिसते. एका येशूसंघीयाने अशा अर्थाचा शेरा मारला की या भगिनींचा उत्साह टिकायचा नाही, कारण काही झाले तरी त्या बायकाच. मेरीबाईंनी आपल्या भगिनींस समजाविले की उत्साह टिकतो वा ढळतो तो सत्यावरील प्रेमाच्या प्रमाणात. त्यात स्त्रीपुरुष भेद नाही.

लिएज, कोलोन, ट्रिअर येथे शाखा निघाल्या. मान्यता मिळविण्यासाठी १६२१ च्या ऑक्टोबरात त्या थोड्या सोबत्यांसह पायी रोमला निघाल्या. प्रकृती मूतखड्याने जर्जर, वाट आल्प्स पर्वताची, अंतर सुमारे २,४०० किलोमीटर. नाताळच्या आदल्या दिवशी त्या रोममध्ये पोहोचल्या. पंधरावे ग्रेगरी यांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, पण मान्यता मिळाली नाही. तेव्हा त्यांनी कार्डिनलांच्या डोळ्यांसमोरच, रोम शहरात, गरीब मुलींसाठी मोफत शाळा काढली. पाठोपाठ नेपल्स व पेरूजा येथेही काढल्या. १६२५ साली रोमची शाळा बंद करण्याचा हुकूम झाला, तेव्हा त्या मुलींच्या मातांनी अधिकाऱ्यांकडे गाऱ्हाणे घातले. उपयोग झाला नाही.

मेरीबाई उत्तरेस वळल्या. म्युनिकमध्ये बव्हेरियाचे अधिपती माक्सिमिलियान यांनी १६२७ साली घर दिले. व्हिएन्नात सम्राट दुसरे फर्डिनंड यांनी आश्रय दिला व तेथे थोड्याच अवधीत चारशेहून अधिक मुली येऊ लागल्या. वाचन, लेखन, शिवणकाम व धर्मशिक्षण तर होतेच. ज्यांची बुद्धी चालते अशा मुलींनी लॅटिनही शिकावे असा मेरीबाईंचा आग्रह असे. शाळेत नाटकेही होत.

आणि मग आघात झाला. येथे मेरीबाईंची एक चूक सांगणे प्राप्त आहे. १६३० साली त्यांनी आपल्या घरांना पत्र लिहून कळविले की शाळा बंद करण्याचे हुकूम पोपमहाशयांच्या नकळत निघाले असून ते पाळण्याचे कारण नाही. त्यांचा तसा प्रामाणिक समज होता, पण तो खरा नव्हता, आणि तेच पत्र त्यांच्याविरुद्ध पुरावा झाले. १३ जानेवारी १६३१ रोजी आठवे उर्बन यांच्या आज्ञापत्राने संघ विसर्जित झाला. ७ फेब्रुवारीस मेरीबाईंस म्युनिकमध्ये पाखंडी ठरवून अटक झाली व क्लारेच्या भगिनींच्या मठात एका कोंदट, अंधाऱ्या खोलीत कोंडण्यात आले. बाहेरील भगिनींस त्या सामानाच्या वेष्टनकागदावर लिंबाच्या रसाने पत्रे लिहीत. कागद विस्तवाजवळ धरला की अक्षरे उमटत. त्यातली काही पत्रे अजून जपून ठेविली आहेत. त्यांत रडगाणे नाही. भगिनींना धीर आहे, औषधपाण्याच्या सूचना आहेत, मधूनमधून विनोदही आहे. दुखणे विकोपास गेले. अंत्याभ्यंगाची वेळ आली तेव्हा, श्रद्धेविरुद्ध काही केले असल्यास पश्चात्ताप होतो अशा अर्थाच्या कागदावर सही करण्यास त्यांस सांगण्यात आले. सही केली तर निरपराध भगिनींवर डाग येईल, म्हणून मरणाच्या दारातही त्यांनी नकार दिला, व ख्रिस्तसभेवरील आपली निष्ठा स्वतःच्या शब्दांत लिहून दिली. त्यानंतर संस्कार मिळाला. एप्रिलमध्ये सुटका झाली.

त्यांनी संघाच्या विसर्जनाची आज्ञा शिरसावंद्य मानली. ख्रिस्तसभा सोडण्याचा विचारही त्यांस शिवला नाही. पुढल्या वर्षी त्या रोमला गेल्या, आणि त्या पाखंडी नव्हत्या हे स्वतः उर्बन यांनी मान्य केले. १६३९ साली त्या लंडनला परतल्या. पण यादवी युद्ध पेटले व त्या यॉर्कजवळील ह्यूवर्थ येथे जाऊन राहिल्या. साठीच्या उंबरठ्यावर, जानेवारी १६४५ मध्ये, तेथेच त्यांचे देहावसान झाले. ऑस्बाल्डविक येथील प्रोटेस्टंट दफनभूमीत त्यांस मूठमाती मिळाली. थडग्यावरील लेख त्यांच्या गरिबांवरील प्रेमाविषयी बोलतो. संघाविषयी, कॅथोलिक धर्माविषयी त्यात अक्षर नाही. तसे लिहिणे धोक्याचे होते.

भगिनी मात्र पांगल्या नाहीत. १६८६ साली यॉर्क येथे त्यांचा मठ झाला व १६९९ साली त्यालगत गरीब मुलींची शाळा निघाली. त्यांच्या नियमांस १७०३ साली मान्यता मिळाली. १७४९ साली चौदावे बेनेडिक्ट यांनी स्त्री-प्रमुखाचा अधिकार मान्य केला, परंतु मेरी वॉर्ड यांस संस्थापिका म्हणण्यास मनाई केली. मुलींनी आईचे नाव उच्चारू नये, अशी ती अवस्था होती. ती मनाई दहावे पायस यांनी १९०९ साली उठविली. १९ डिसेंबर २००९ रोजी सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यांस वंदनीय म्हणून घोषित केले.

यॉर्कच्या त्या मठात शिकलेल्या तेरेसा बॉल यांनी आयर्लंडात लोरेटो शाखा स्थापिली, व १८४१ च्या डिसेंबरअखेरीस तिच्या भगिनी कलकत्त्यास उतरल्या. त्याच संघाची एक तरुण भगिनी १९२९ साली तेथे आली आणि एंटाली येथील मुलींच्या शाळेत शिकवू लागली. आपण तिला मदर तेरेसा म्हणून ओळखतो. तोवर लोरेटो भगिनींसही मठबंदी लागू झाली होती. म्हणून गरिबांच्या वस्तीत जाऊन राहण्यासाठी १९४८ साली तिला रोमची परवानगी मागावी लागली, आणि बाराव्या पायस यांच्याकडून ती मिळाली.